‘कित्ती गोड!’ हे निदान नव्हे

‘टॉय ब्रीड’ हा शब्द पहिल्यांदा ज्याने कुत्र्याला चिकटवला, त्याला गाठून चार शब्द सुनवावेत असं मला फार दिवसांपासून वाटतंय. अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत तर चक्क या नावाचा अधिकृत गट आहे. पॉमेरेनियन, पग, शिट्झू, चिवावा, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर ही सगळी मंडळी त्यात. टॉय म्हणजे खेळणं. आणि खेळण्याचं आपण काय करतो? सेल संपले की बदलतो, तुटलं की माळ्यावर टाकतो. खेळण्याला दरवर्षी सर्व्हिसिंगला नेणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

आपल्याकडे छोट्या कुत्र्यांचं प्रेम तसं जुनंच. १९९४ साली ‘हम आपके है कौन’मधल्या टफीने अख्ख्या देशाला वेड लावलं. (तो बिचारा इंडियन स्पिट्झ होता, पण आपण त्याला ‘पामेरियन’च म्हणत राहिलो.) मग २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग आला आणि ज्याला त्याला पग हवासा झाला. आता पुण्या-मुंबईत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, दोघंही नोकरी करणाऱ्या जोडप्याचा हिशोब सरळ असतो. लॅब्रेडॉर झेपणार नाही, त्यापेक्षा छोटंसं काहीतरी आणू. खातो कमी, जागा कमी, फिरवायला कमी. म्हणजे एकूण कामच कमी.

यातला शेवटचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्यावरच आज मला भांडायचंय.

लहान कुत्र्याचं काम कमी नसतं, त्याच्याकडे चुकांना जागा कमी असते. तीस किलोच्या कुत्र्याला जे सहज पचतं ते चार किलोच्या कुत्र्याला दवाखान्यात पोचवू शकतं. आणि दुसरी, त्याहून वाईट गोष्ट म्हणजे लहान कुत्र्याच्या आजाराची लक्षणं आपल्याला गोड वाटतात. मोठा कुत्रा लंगडला की आपण घाबरतो. छोटा लंगडला की मोबाइल काढून व्हिडिओ करतो.

अतिशयोक्ती वाटते? एकेक घेऊ.

चालता चालता पॉम मध्येच मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालतो, मग पाय झटकून पुन्हा नीट पळायला लागतो. घरातले म्हणतात, "बघा कसा नाचतो!" हा नाच बहुतेक वेळा गुडघ्याची वाटी जागेवरून सरकल्याचा असतो. लहान जातींमध्ये हे फार आढळतं. डॉक्टर हाताने तपासून त्याच्या एक ते चार अशा पायऱ्या ठरवतात. पहिल्या पायरीवर वजन आटोक्यात ठेवणं आणि सोफ्यावरून उड्या मारू न देणं एवढ्यावर भागू शकतं. चौथ्या पायरीवर वाटी कायमची सरकलेली असते, आणि तिथे सहसा ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

पग घोरतो. "आमच्या बाबांसारखा घोरतो हो!" चपट्या तोंडात श्वासाची वाट अरुंद झालेली असते म्हणून तो आवाज येतो. हाच कुत्रा एप्रिल-मेमध्ये दुपारी खाली फिरवला तर धापा टाकूनही त्याला अंग थंड करता येत नाही, आणि उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो.

पट्टा ओढला की यॉर्की बदकासारखा ‘क्वँक क्वँक’ खोकतो. सगळे हसतात. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी दबायला लागली की हाच आवाज येतो. अशा कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीवरून जाणारा हार्नेस घाला आणि डॉक्टरांना दाखवा. खरं तर कुठल्याच छोट्या कुत्र्याला गळ्याच्या पट्ट्याने ओढू नये.

दोन महिन्यांचं चिवावाचं पिल्लू थरथरतं. "थंडी वाजते त्याला, स्वेटर घाला." थंडी असेलही. पण इतक्या लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठाच तोकडा असतो. एक-दोन वेळचं खाणं चुकलं की रक्तातली साखर कोसळते. आधी थरथर, मग सुस्ती, मग झटके. म्हणून त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं. सुस्त पडलंच तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं (शुद्धीत नसेल तर घशात काहीही ओतायचं नाही) आणि तसंच दवाखाना गाठायचा.

आणि सगळ्यात लाडका प्रकार, ‘गोलू’. त्यासाठी थोडं गणित करू. शनिवार असला तरी चालेल :)

पशुवैद्यकात कुत्र्याच्या विश्रांतीच्या उष्मांकांचं एक सोपं सूत्र आहे. किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात काढायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. चार किलोसाठी उत्तर येतं साधारण २००. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला याच्या दीडपट, म्हणजे ३०० कॅलरी पुरतात. आता आपल्या घरात काय चालतं ते बघा. सकाळी चहाबरोबर बाबांकडून दोन ग्लुकोज बिस्किटं, संध्याकाळी आजीकडून दोन. झाल्या ८०. जेवताना अर्धी पोळी, ५५. रात्री तुम्ही लाडाने दिलेला चीजचा क्यूब, ६०. बेरीज १९५. ही त्याच्या नेहमीच्या जेवणाच्या वर! तुमच्या २००० कॅलरीच्या दिवसात हे प्रमाण बसवलं तर १३०० कॅलरीचं निव्वळ ‘इकडचं तिकडचं’ खाणं झालं. आणि घरातल्या प्रत्येकाची शपथेवर साक्ष असते की "मी तर फक्त दोनच बिस्किटं दिली".

चार किलोच्या कुत्र्याचं वजन ४०० ग्रॅमने वाढलं तर आपल्याला दिसतही नाही. पण ते दहा टक्के आहे. सत्तर किलोच्या माणसाने सात किलो चढवले तर ऑफिसात पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारतं. त्यात त्याचे गुडघे आधीच कच्चे, श्वासनलिका आधीच नाजूक. प्रत्येक जास्तीचा ग्रॅम त्यांच्यावरच पडतो.

उपाय फुकट आहे. महिन्यातून एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करून आकडा लिहून ठेवायचा. दुसरी परीक्षा हाताची. मूठ आवळा आणि दुसऱ्या हाताचं बोट उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा फार बारीक. आता हात सरळ पसरून मागच्या बाजूने तेच करा. बरगड्या अशा लागल्या तर ठीक. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर बिस्किटांचा डबा वरच्या कप्प्यात.

आता दात. या विषयावर मी लोकांशी सगळ्यात जास्त भांडतो, कारण इथे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच की!" नाही येत. निदान इतका नाही येत की तुम्ही मान फिरवावी. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. जर्मन शेफर्डलाही ४२ आणि माल्टीजलाही ४२. जबडा मात्र आगपेटीएवढा. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत एकत्र कुटुंब. दात एकमेकांवर चढलेले, फटीत अन्न अडकलेलं, त्याचा थर काही दिवसांतच कडक होऊन पिवळा-तपकिरी टार्टर होतो, आणि त्याच्या खाली हिरडी अन् हाड हळूहळू झिजत जातं. छोट्या जातींच्या जबड्यात हाड मुळातच पातळ, त्यामुळे रोग फार पुढे गेला की साध्या धक्क्यानेही खालचा जबडा मोडू शकतो. हे सगळं होत असताना कुत्रा जेवत राहतो, शेपूट हलवत राहतो. दात दुखतोय हे सांगायची सोय त्याच्याकडे नाही.

करायचं काय? रोज मिनिटभर ब्रश. बोटात घालायचा रबरी ब्रश मिळतो, नाहीतर लहान मुलांचा मऊ. पेस्ट कुत्र्यांचीच. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याने गिळायचं नसतं, आणि काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, जे कुत्र्यांना विषारी आहे. पिल्लू सहा-सात महिन्यांचं झालं की तोंड उघडून सुळे मोजा. दुधाचा सुळा न पडता शेजारी नवा उगवलेला दिसला तर दुधाचा काढून घ्यावा लागतो, आणि नसबंदीच्या भुलीतच ते काम उरकता येतं. साचलेल्या टार्टरसाठी डॉक्टर भूल देऊन सफाई करतात. ‘बिना भुलीची डेंटल क्लीनिंग’ नावाचा जो प्रकार हल्ली ग्रूमिंगबरोबर विकला जातो त्यात दिसणारा दात चमकतो, हिरडीखालचा रोग तिथेच राहतो. कोड न सुधारता नुसती एरर मेसेजची खिडकी बंद करण्यासारखं आहे ते.

लसीकरणाबद्दल माझं डोकं सर्वात आधी फिरतं ते एका युक्तिवादाने, "आमचा तर घरातच असतो." तो घरात असतो, तुमची चप्पल घरात असते का? पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि बुटाच्या तळव्याला चिकटून लिफ्टने सातव्या मजल्यावर येतो. म्हणून पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात. इतके कशाला? तर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते आणि ती नक्की कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलतं. मधल्या एखाद्या डोसवर थांबलात तर नेमकं हवं ते संरक्षण निसटू शकतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांमध्ये त्याची साथ आली होती, ती मुंबईकर विसरलेले नसतील. त्याची लस दरवर्षी लागते. रेबीजचा पहिला डोस साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर आणि मग आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे दरवर्षी. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, आणि तो फक्त कुत्र्यापुरता राहत नाही. इथे टाळाटाळ करणं म्हणजे शेजाऱ्याच्या मुलाच्या जिवावर काटकसर.

"एवढासा जीव, अर्धाच डोस द्या ना डॉक्टर" हेही ऐकलंय. लस ही क्रोसिन सिरप नव्हे, की वजनाप्रमाणे मोजून द्यावी. प्रतिकारशक्ती जागी व्हायला पूर्ण डोसच लागतो. लहान कुत्र्यांना लसीचा त्रास थोडा जास्त होतो हे मात्र खरं. २००५ साली अमेरिकेत बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दर दहा हजारांत सुमारे ३८ कुत्र्यांना काही ना काही त्रास झालेला दिसला. छोट्या कुत्र्यांत आणि एकाच वेळी अनेक लसी घेतलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं. यातून काढायचा धडा असा की डॉक्टरांशी बोलून लसी वेगवेगळ्या दिवशी घ्या, आणि टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. लस टाळा असा धडा त्यात कुठेही नाही.

तीच गोष्ट गोचिडांची. पांढऱ्याशुभ्र केसांत एक गोचीड लपली तर ती एर्लिकिया किंवा बबेसिया देऊन जाते, आणि छोट्या अंगात रक्तच कमी. औषध वजनाच्या गटाप्रमाणे मिळतं. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून ‘अंदाजे अर्धी’ घालू नका.

अंदाजावरून आठवलं. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी देणारे लोक आहेत. ५०० मिलिग्रॅम भागिले साठ किलोचा माणूस, म्हणजे किलोमागे आठ. तीच गोळी भागिले चार किलोचा कुत्रा, म्हणजे किलोमागे सव्वाशे. एवढ्यात यकृत निकामी व्हायला लागू शकतं. आयबुप्रोफेन त्याहून वाईट. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा यांनाही हाच भागाकार लावा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. "काही होत असेल तर नेऊच की डॉक्टरकडे. काही होत नसताना कशाला?"

कशाला ते सांगतो. छोट्या जातींमध्ये उतारवयात हृदयाची एक झडप जाड होऊन गळायला लागते. वर्षानुवर्षं बाहेरून काहीही दिसत नाही. स्टेथोस्कोप लावला की मात्र एक वेगळा आवाज, मर्मर, ऐकू येतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या अभ्यासात असं दिसलं, की हृदय मोठं झालंय पण लक्षणं अजून नाहीत अशा टप्प्यावर पिमोबेंडन हे औषध सुरू केलं तर हृदय निकामी होण्याची वेळ साधारण पंधरा महिन्यांनी पुढे जाते. पंधरा महिने! चौदा वर्षांच्या आयुष्यात! पण औषध कधी सुरू करायचं हे एक्स-रे आणि इकोवरून ठरतं, तिथवर जायचं तर आधी मर्मर कोणीतरी ऐकायला हवा, आणि तो ऐकायचा तर ‘काही होत नसताना’ कुत्रा टेबलावर हवा. धाप लागल्यावर नेलात तर ते पंधरा महिने आधीच खर्च झालेले असतात.

आपण ज्या धंद्यात आहोत तिथे सर्व्हर बंद पडल्यावर जागं होणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. मॉनिटरिंग नाही, लॉग नाही, बॅकअप नाही, आणि वर "काल तर नीट चालू होता" हे उत्तर. ऑफिसात हे खपवून घेत नाही ना आपण? मग घरी?

पैशांचं म्हणाल तर ते बहाणा म्हणून ऐकायला माझी तयारी नाही. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्याशी मी बोलत नाहीये. मी बोलतोय वाढदिवसाला हाडाच्या आकाराचा केक मागवणाऱ्या, दिवाळीला शेरवानी आणि दर महिन्याला स्पा करवणाऱ्या मंडळींशी. केक आणा, जरूर आणा. पण लसीचं कार्ड दोन वर्षं कोरं असताना केक आणणं हे कुत्र्यासाठी नसतं, ते फोटोसाठी असतं.

"रस्त्यावरची कुत्री कुठे ब्रश करतात?" हेही येतंच. रस्त्यावरच्या पिल्लांपैकी बहुतेक वर्षही पूर्ण करत नाहीत. तुम्हाला दिसतात ती उरलेली. विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांची गोष्ट वाचलेल्यांनी तरी हा युक्तिवाद करू नये.

आणि विकणारे? ‘टीकप’ नावाची कुठलीही मान्यताप्राप्त जात नाही. नेहमीपेक्षा खुरटलेलं पिल्लू जास्त किमतीला विकण्याचं ते एक नाव आहे. आपल्याकडे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. तरी पाच आठवड्यांचं पिल्लू ‘दोन महिन्यांचं आहे, जातच छोटी’ म्हणून सर्रास गळ्यात मारलं जातं. घेणारा नोंदणी विचारत नाही, आईला दाखवा म्हणत नाही, कारण तो आधीच "कित्ती गोड" म्हणून विरघळलेला असतो.

आमच्या घरी एक पॉम आहे, चिंगी. वय नऊ, वजन तीन किलो आठशे. फ्रिजवर तिच्या वजनाचा कागद आहे, आणि आजीला दिवसाला एक बिस्कीट मंजूर आहे, तेही अर्धं-अर्धं दोनदा. लोक म्हणतात, काय रे कुत्र्याचं एवढं! एवढं म्हणजे नक्की किती, ते मोजलंय मी. रोज ब्रशचं एक मिनिट, महिन्यातून वजनाची दोन मिनिटं, वर्षातून डॉक्टरांकडे दोन फेऱ्या (सात वर्षांच्या पुढे दोन, त्याआधी एक पुरते). वर्षाचे पंधरा तासही होत नाहीत. तेवढा वेळ हिंजवडीच्या सिग्नलला एका आठवड्यात जातो.

तर या वीकेंडला एवढंच करा. ज्यांच्या घरी असा चार किलोचा जीव आहे त्यांनी त्याचा वरचा ओठ हलकेच उचलून मागच्या दाढा बघा. लसीचं कार्ड शोधा आणि शेवटची तारीख वाचा. दाढा पिवळ्या-तपकिरी असतील किंवा तारीख आठवणीपेक्षा जुनी निघाली, तर सोमवारची वाट न बघता अपॉइंटमेंट घ्या. रविवारी सकाळी बरेच दवाखाने उघडे असतात.